चिरिकोव्हचा निकष (रेझोनन्स ओव्हरलॅप)

एखाद्या सिस्टिममधली शिस्तीतली गती नक्की कुठे मोडते आणि केऑस कुठून सुरू होतो, याचा झटपट अंदाज देणारा नियम म्हणजे चिरिकोव्हचा निकष. सोव्हिएत फिजिसिस्ट बोरिस चिरिकोव्ह (१९२८–२००८) यांनी तो १९५९ साली मांडला. केऑस म्हटलं की बहुतेकांना हवामान आणि फुलपाखरू आठवतं पण प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला, प्रचंड तापलेला वायू) कोंडून ठेवायची मशीन बनवणाऱ्यांना हा प्रश्न त्याच्याही आधी पडला होता, आणि तो तिथे अगदी रोकडा प्रश्न होता, की आत सोडलेला इलेक्ट्रॉन आत राहणार की बाहेर पळणार.

त्या वेळचं मशीन म्हणजे मॅग्नेटिक मिरर. दोन टोकांना चुंबकीय क्षेत्र जोरदार, मधे कमजोर. इलेक्ट्रॉन फिल्ड लाइनभोवती, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या रेषेभोवती, गरगर फिरतो आणि फिरता फिरता या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतो. त्याचा मॅग्नेटिक मोमेंट (गरगरण्याची ऊर्जा भागिले तिथल्या क्षेत्राचा जोर) कायम राहिला तर तो अडकून राहतो, पण तो अगदी तंतोतंत कायम नसतो, दर वेळी मधला कमजोर भाग ओलांडताना त्यात बारीकसा फरक पडतो. आता हे बारीक फरक एकमेकांना खोडतात की साठत जातात? गरगर फिरण्याची फ्रिक्वेन्सी येरझाऱ्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या पूर्ण पटीत आली की रेझोनन्स होतो आणि फरक साठायला लागतात, तरीपण एकटा रेझोनन्स कणाला फार लांब नेऊ शकत नाही, तो त्याला स्वतःच्या रुंदीतच झुलवत ठेवतो. खरी गडबड होते ती शेजारी दुसरा रेझोनन्स असला आणि दोघांच्या हद्दी एकमेकांना भिडल्या की. मग कण याच्या हद्दीतून त्याच्या हद्दीत, तिथून पुढच्या, असा भटकत सुटतो. निकष एवढाच आहे: दोन शेजारी रेझोनन्सच्या अर्ध्या रुंदींची बेरीज करा, त्यांच्यातल्या अंतराने भागा, उत्तर १ च्या वर गेलं की केऑस.

याच काळात शुद्ध गणितातही मोठं काम चाललं होतं. कोल्मोगोरोव्हने १९५४ मध्ये आणि मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्नोल्ड आणि मोझर यांनी दाखवलं की सिस्टिमला थोडासा धक्का दिला तर शिस्तीतले बहुतेक मार्ग जरा वाकडे होतात पण टिकतात, हा केएएम सिद्धांत (तिघांच्या आद्याक्षरांवरून). तो अप्रतिम आहे यात वादच नाही, पण त्या सिद्धतेतला "थोडासा" इतका कमालीचा लहान होता की मशीनवाल्यांना त्याचा थेट उपयोग नव्हता. चिरिकोव्हच्या निकषाला सिद्धता नाही, पण त्यातून आकडा निघतो, आणि माझ्या मते प्लाझ्मा फिजिक्सला त्या काळात आकड्याचीच जास्त गरज होती.

आकडा किती खरा ते स्टँडर्ड मॅपवर, म्हणजे गती टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या एका साध्या नियमावर, बघता येतं. हा मॅप चिरिकोव्ह आणि इंग्लंडमधल्या कलहॅमचे ब्रायन टेलर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात फिरत्या वस्तूला ठराविक वेळाने ठोका बसतो, ठोका किती जोराचा ते के हा आकडा ठरवतो, बस, बाकी काही नाही. इथे मुख्य रेझोनन्सची पूर्ण रुंदी के च्या वर्गमुळाच्या ४ पट आणि दोन रेझोनन्समधलं अंतर २ पाय म्हणजे ६.२८. दोन्ही सारखे केले की के येतो साधारण २.४७, म्हणजे निकषाप्रमाणे त्यानंतर केऑस सगळीकडे पसरायला हवा. प्रत्यक्षात शेवटची भिंत, म्हणजे कणाला अडवून धरणारा शेवटचा शिस्तीतला मार्ग, खूप आधी पडते. प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा लॅबमधले जॉन ग्रीन यांनी १९७९ मध्ये तो आकडा काढला, ०.९७१६. फरक कशामुळे, तर मोठ्या रेझोनन्सच्या मधे छोटे छोटे रेझोनन्स दडलेले असतात, शिवाय प्रत्येकाच्या कडेला केऑसचा पातळ थर असतोच, आणि साध्या निकषात हे दोन्ही धरलेलं नाही. ०.९७ ला रुंदी आणि अंतराचं गुणोत्तर येतं ०.६३ च्या आसपास, म्हणूनच लोक १ ऐवजी दोन तृतीयांश धरतात. ग्रीनची पद्धतही सुंदर आहे. सगळ्यात शेवटी तुटणारा मार्ग म्हणजे ज्याचा फिरण्याचा वेग गोल्डन रेशोशी जोडलेला आहे तो, कारण साध्या अपूर्णांकांना तो सगळ्यात कमी दाद देतो, तर ग्रीनने ३/५, ५/८, ८/१३ असे त्याच्या जवळ जवळ जाणारे अपूर्णांक घेतले आणि प्रत्येकाच्या बंद मार्गाची स्थिरता तपासत गेले. भिंत पडली तरी ती एकदम नाहीशी होत नाही, तिला भोकं पडतात आणि कण त्यातून हळूहळू झिरपतो, त्यामुळे उंबरठ्याच्या जरासं वर असताना केऑस असूनही गळती खूप संथ असू शकते.

टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कड्यात कोंडणाऱ्या मशीनमध्ये, आल्यावर गोष्ट अजून खोल जाते कारण इथे कण बाजूला ठेवला तरी फिल्ड लाइन स्वतःच केऑटिक होऊ शकते. चुंबकीय क्षेत्राला उगम किंवा शेवट नसतो, या एका गुणामुळे फिल्ड लाइनचं समीकरण हॅमिल्टनच्या यांत्रिकीसारखंच (कणांची गती ज्या समीकरणांनी काढतात त्यांच्यासारखंच) निघतं, आणि मशीनभोवती फिरायचा कोन तिथे वेळेची भूमिका करतो. सगळं नीट असेल तर लाइन्स एकात एक घातलेल्या सायकलच्या ट्यूबांसारख्या पृष्ठभागांवर राहतात. ज्या पृष्ठभागावर लाइन लांबच्या बाजूने २ फेऱ्यांत आडव्या बाजूने बरोबर १ फेरी मारते, किंवा ३ मध्ये २, तिथे रेझोनन्स. कॉइल जरा वाकडी बसली की अशा जागी मॅग्नेटिक आयलंड, म्हणजे फिल्ड लाइन्सची बेटासारखी वेगळी गुंडाळी, तयार होतात, आणि आयलंडची रुंदी गडबडीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे चूक १०० पट कमी केली तरी आयलंड १० पटच बारीक होतो. म्हणूनच कॉइल बसवताना मिलिमीटरसाठी भांडावं लागतं. १९६६ मध्ये रोझेनब्लुथ, सागदेयेव्ह, टेलर आणि झास्लाव्स्की यांनी हे आयलंड भिडले की पृष्ठभाग कसे उद्ध्वस्त होतात ते मांडलं, शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन, सोव्हिएत आणि ब्रिटिश नावं एकाच पेपरवर. १९७८ मध्ये रेचेस्टर आणि रोझेनब्लुथ यांनी उष्णतेचा हिशोब जोडला: इलेक्ट्रॉन लाइनच्या बाजूने प्रचंड वेगाने धावतात, लाइनच भरकटली तर उष्णताही तिच्याबरोबर बाहेर.

हे पृष्ठभाग नुसते कागदावर नाहीत. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलस्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरमध्ये (पिळदार कॉइल्सनी प्लाझ्मा कोंडणारं मशीन) लाइनच्या बाजूने इलेक्ट्रॉनचा झोत सोडून आणि मधून चमकणारी कांडी फिरवून त्यांचे फोटो काढले, त्यात एकात एक कडी आणि कडेचे आयलंड स्पष्ट दिसतात.

पुढे तर केऑस मुद्दाम करायला लागले. टोकामॅकच्या कडेला उष्णतेचे झटके येतात, त्यांना ईएलएम म्हणतात, आणि मोठ्या मशीनची भिंत त्याने खराब होऊ शकते. सॅन दिएगोच्या डीथ्रीडी टोकामॅकवर २००४ च्या सुमारास जादा कॉइल्सनी कडेची फिल्ड हलकीशी विस्कटून हे झटके दाबता येतात असं दाखवलं, आणि किती विस्कटायची यासाठी चिरिकोव्हचा आकडा (रुंदी आणि अंतराचं तेच गुणोत्तर) कडेला १ च्या वर न्यायचा हा ठोकताळा वापरला. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आयटर या मोठ्या टोकामॅकच्या आराखड्यातही त्यासाठी आत २७ कॉइल्स आहेत. मात्र हा आकडा बऱ्याचदा प्लाझ्मा नाहीच असं धरून काढतात, आणि खरा प्लाझ्मा फिरत असतो, रेझोनन्सच्या जागी स्वतःचे करंट उभे करून बाहेरची गडबड बरीचशी अडवतो, त्यामुळे कागदावर भिडलेले आयलंड प्रत्यक्षात उघडतातच असं नाही. म्हणून आता प्लाझ्माचा प्रतिसाद धरूनच हिशोब करतात.