कॅमेरा काय खातो ते तारा सांगतो

ताऱ्याचा उजेड ग्रेटिंगमधून, म्हणजे बारीक समांतर रेषा असलेल्या काचेतून, फाकवला की कॅमेऱ्यात जी रंगांची पट्टी उमटते ती एकट्या ताऱ्याची नसतेच. वाटेतली हवा, दुर्बिणीचा आरसा, ग्रेटिंगची काच, सगळ्यांनी त्यातलं थोडं थोडं खाल्लेलं असतं, आणि सगळ्यात जास्त खातो तो सेन्सर, हिरवा रंग झकास पकडतो पण जांभळ्याच्या टोकाला आणि गडद लालकडे ढेपाळतो. साध्या डीएसएलआरमध्ये तर सेन्सरपुढे फिल्टर असतो, तो हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटरच्या लाल रेषेजवळचा बराच उजेड अडवतो. शिवाय आमच्या गोव्यातली दमट हवा! 720 नॅनोमीटरच्या आसपास पाण्याच्या वाफेचे काळे पट्टे, 687 आणि 760 ला ऑक्सिजनचे, आणि नवीन माणसाला वाटतं हे ताऱ्यातच आहेत.

मग खरं काय ते कसं कळणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तराजूवर शंका आली तर ज्याचं वजन पक्कं माहीत आहे अशी वस्तू ठेवून बघायची, तसंच इथे ज्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे ही रंगांची पट्टी, आधीच नीट मोजलाय असा तारा घ्यायचा. आपण टिपलेल्या पट्टीला त्या माहीत असलेल्या स्पेक्ट्रमने भागलं की उरतो तो आपल्या दुर्बीण-कॅमेऱ्याचा आणि त्या रात्रीच्या हवेचा स्वभाव.

पूर्वीपासून यासाठी अभिजित तारा वापरतात, पण तो दिसतो तेवढा साधा नाही. तो भयंकर वेगाने फिरतो, आपल्याला जवळजवळ ध्रुवाकडूनच दिसतो, आणि 1983 मध्ये आयरास उपग्रहाला त्याच्याभोवती धूळ सापडली जी इन्फ्रारेडमध्ये जास्तीचा उजेड देते. म्हणून हबल अवकाश दुर्बिणीच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे तिचं माप पक्कं करायला, जी 191-बी 2 बी, जीडी 71 आणि जीडी 153 हे तीन श्वेत बटू, म्हणजे विझत आलेल्या ताऱ्यांचे उरलेले छोटे तप्त गाभे, पाया धरले, कारण त्यांचं वातावरण जवळपास निव्वळ हायड्रोजनचं, त्यामुळे त्यांचा उजेड गणिताने काढता येतो.

पण तीन तारे पुरत नाहीत, तारे नाना तऱ्हेचे, म्हणून अशा मोजलेल्या स्पेक्ट्रमचा मोठा संग्रह, म्हणजे लायब्ररी लागते. 1998 ची पिकल्सची लायब्ररी 131 स्पेक्ट्रमची. 2006 च्या माइल्स नावाच्या लायब्ररीत 985 तारे, ला पाल्मा बेटावरच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने घेतलेले. आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती 2004 ची इंडो-यूएस लायब्ररी, 1273 तारे, ॲरिझोनातल्या किट पीकवर 0.9 मीटरच्या दुर्बिणीने टिपलेले आणि त्या कामात आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा हात आहे, हे मला फार मोठं वाटतं. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्यातल्या स्पेक्ट्रमचा एकूण चढउतार पिकल्सच्या नमुन्यांना जुळवून घेतलाय, त्यामुळे रेषा बघायला ती उत्तम पण कॅमेऱ्याचा स्वभाव काढायला माइल्सच बरी.

हे सगळं फुकट उतरवून घेता येतं, आणि घरच्या दुर्बिणीलाही चालतं. मिलिमीटरला 100 रेषांचं ग्रेटिंग घ्या, सत्तरी-डिचोलीकडे मांडवीकाठच्या दिव्यांपासून लांब जा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात संध्याकाळी अभिजित चांगला वर असतो तेव्हा तो टिपा, जानेवारीत व्याध. लायब्ररीचा स्पेक्ट्रम आपल्यापेक्षा खूप बारीक असतो, तो आधी आपल्याएवढा धूसर करायचा आणि मगच भागाकार, नाहीतर प्रत्येक हायड्रोजन रेषेपाशी खोटे दात उगवतात. आणि एका ताऱ्यावरून काढलेला स्वभाव दुसऱ्याला लावायचा तर तो त्याच रात्री, आकाशात साधारण तेवढ्याच उंचीवर हवा, कारण क्षितिजाजवळ हवा जाड होते आणि निळा रंग जास्त खाते. एवढं जमलं की मृगातल्या बीटलज्यूसमधले टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे खरे किती खोल आहेत ते कळतं, मजा येते!

दीर्घिकांचं प्रकरण अजून खोल आहे. दीर्घिकेचा स्पेक्ट्रम म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची बेरीज, मग लायब्ररीतले तारे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून ती बेरीज जुळवतात आणि त्यातून दीर्घिकेचं वय, धातूंचं प्रमाण काढतात. रेषा किती सरकल्यात त्यावरून वेगही कळतो, देवयानी दीर्घिका सेकंदाला साधारण 300 किलोमीटरने आपल्याकडे येते तर 500 नॅनोमीटरची रेष निळ्याकडे जेमतेम अर्धा नॅनोमीटर सरकते. अडचण अशी की लायब्ररीतले बहुतेक तारे सूर्याच्या शेजारचे आणि मोठ्या लंबगोल दीर्घिकांत लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त असतं, तसे तारे आपल्या आसपास फारसे मिळतच नाहीत. म्हणून आता मोजलेल्या स्पेक्ट्रमसोबत कॉम्प्युटरवर गणिताने बनवलेले स्पेक्ट्रम वापरून ती फट भरतात.