राष्ट्रीय क्रीडा महासंघांतील मानद नेतृत्व

एखाद्या खेळाचा देशभरचा कारभार पाहणाऱ्या महासंघाचे अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि कार्यकारी मंडळाचे सदस्य पगार न घेता ही पदे सांभाळतात, त्या व्यवस्थेस मानद नेतृत्व म्हणतात. प्रवासखर्च, मुक्कामाची सोय, क्वचित बैठकीचा भत्ता एवढेच त्यांना मिळते; पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा असतो. अधिकार मात्र मोठे असतात. राष्ट्रीय संघाची निवड, स्पर्धांचे वेळापत्रक, पंच व प्रशिक्षकांची मान्यता, अनुदानाचा आणि प्रायोजकांच्या पैशांचा विनियोग, शिस्तभंगाची कारवाई, आंतरराष्ट्रीय महासंघात देशाच्या वतीने मतदान हे सारे त्यांच्या संमतीने चालते. आंतरराष्ट्रीय महासंघ साधारणपणे एका देशातल्या एकाच संघटनेला मान्यता देतात. त्यामुळे महासंघाने अन्याय केला तर खेळाडूला दुसरीकडे जाता येत नाही. मंडळात कोण बसते आणि कसे वागते, याचा खेळाडूच्या कारकिर्दीशी थेट संबंध येतो तो यामुळे.

उगम

या पद्धतीचे मूळ १९व्या शतकातल्या हौशी खेळात आहे. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधल्या एका खानावळीत काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले सचिव एबेनेझर कॉब मॉर्ली हे व्यवसायाने वकील होते; नियमांचा पहिला मसुदा त्यांनीच लिहिला. पुढे अॅथलेटिक्स, टेनिस, नौकानयन या खेळांच्या संघटनाही अशाच उभ्या राहिल्या. कोणी वकील, कोणी प्राध्यापक, कोणी व्यापारी. कामधंदा सांभाळून पत्रव्यवहार करायचा, वर्गणी गोळा करायची, तंटे सोडवायचे. खेळात पैसा नव्हता, तेव्हा कारभाऱ्याला पगार देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. या परंपरेला एक काळी बाजूही होती. ज्याला फुकट वेळ देणे परवडते तोच कारभारी होऊ शकत असे, आणि हौशी कोण हे ठरवताना अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना काही संघटनांनी दाराबाहेर ठेवले होते.

मानद कार्यकर्ता काय करू शकतो, याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण फ्रान्सच्या आलिस मिलिया यांचे म्हणावे लागेल. त्या नौकानयनपटू होत्या आणि भाषांतराचे काम करीत. १९१९ मध्ये त्या महिलांच्या फ्रेंच क्रीडा महासंघाच्या अध्यक्ष झाल्या. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या अॅथलेटिक्सला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी १९२१ मध्ये महिलांचा आंतरराष्ट्रीय महासंघच उभा केला आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये महिलांची स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरवली. १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांच्या अॅथलेटिक्सच्या पाच स्पर्धा आल्या, त्या या रेट्यामुळे. पगारी अधिकाऱ्याने नोकरी सांभाळून अशी टक्कर घेतली असती का, याची शंका वाटते.

कामाची रीत

बहुतेक महासंघांची उतरंड सारखी असते. क्लब किंवा जिल्हा संघटना, त्यांच्यावर राज्य वा प्रांत संघटना आणि शिखरावर महासंघ. संलग्न संघटनांचे प्रतिनिधी वार्षिक सर्वसाधारण सभेत पदाधिकारी निवडतात, हिशेब मंजूर करतात आणि घटनेत बदल करतात. दोन सभांच्या मधला कारभार कार्यकारी मंडळ पाहते. मोठ्या महासंघांत रोजच्या कामासाठी पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कर्मचारी असतात. तिथे मंडळाने धोरण ठरवावे, अंदाजपत्रक मंजूर करावे, मुख्याधिकारी नेमावा आणि त्याच्या कामावर नजर ठेवावी अशी विभागणी असते. लहान महासंघांत मात्र सरचिटणीसच संघाची विमानतिकिटे काढतो, गणवेशाचे माप पाठवतो आणि रात्री इतिवृत्तही लिहितो. अशा सरचिटणीसाच्या जोरावर कित्येक खेळ तगले आहेत, आणि त्याचे ऋण सहसा कोणी मोजत नाही.

मंडळाची तब्येत बैठकीत कळते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च, निवड समितीचा अहवाल, पत्रव्यवहार आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असा क्रम असतो. महत्त्वाचे ठराव वारंवार या शेवटच्या सदरात येऊ लागले, की समजावे काहीतरी बिघडले आहे. सदस्य दिवसभराच्या प्रवासाने थकलेले असतात, परतीच्या गाडीची वेळ जवळ आलेली असते, कागद हातात आत्ताच पडलेला असतो. सूचक उभा राहतो, अनुमोदक मान डोलावतो आणि मोठ्या रकमेचा करार मंजूर होतो. झालेल्या खर्चाला नंतर कार्योत्तर मंजुरी घेण्याची सवय त्याहून वाईट. चांगल्या महासंघांत कागदपत्रे निदान आठवडाभर आधी पोहोचतात, विषयपत्रिकेबाहेरचा आर्थिक ठराव घेतला जात नाही, हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते आणि ज्याचा संबंध असेल तो सदस्य त्या विषयापुरता खोलीबाहेर जातो. स्वतःच्या मुलीचे नाव निवड समितीसमोर असताना बाप बैठकीत गप्प बसला तरी भागत नाही. त्याने तिथे नसणेच योग्य.

मानद सदस्याची खरी अडचण माहितीची असते. तो वर्षातून काही वेळा बैठकीला येतो, आणि मुख्याधिकारी जे पुढे ठेवील तेवढेच पाहतो. आयर्लंडच्या फुटबॉल असोसिएशनमध्ये याचे परिणाम दिसले. २०१७ मध्ये तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने संस्थेला १ लाख युरो तात्पुरते उसने दिले होते. ही गोष्ट २०१९ मध्ये वृत्तपत्राने उघडकीस आणली, तेव्हा संपूर्ण मंडळाला या व्यवहाराची माहितीच दिली गेली नव्हती असे समोर आले. संसदीय समितीपुढे मानद खजिनदारांनी संस्थेचे बँकेत एकच खाते असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात खाती २४ होती. मुख्याधिकाऱ्याकडूनच पैसे उसने घेण्याची वेळ संस्थेवर आली, हे खजिन्याची अवस्था सांगायला पुरेसे होते. ही वेळ का आली, हे विचारण्याची संधीच बहुतेक सदस्यांना मिळाली नाही. पुढे जुने मंडळ गेले आणि २०२० मध्ये बाहेरचा स्वतंत्र अध्यक्ष आला.

यावर उपाय साधे आहेत, पण ते नेटाने पाळावे लागतात. लेखापरीक्षकाने वर्षातून एकदा तरी मुख्याधिकारी हजर नसताना मंडळाशी बोलावे. बँक खात्यांची यादी प्रत्येक सदस्याला मिळावी. अध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांचे सख्य असावे, पण ते इतके घट्ट नसावे की बाकीच्यांना बातमी ठराव झाल्यावर कळावी. अध्यक्षपदाचे मोठेपण उद्घाटनाच्या फितीत नसून अवघड प्रश्न विचारायला नव्या सदस्याला धीर देण्यात आहे.

जबाबदारी

पगार नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही. बहुतेक देशांत मंडळाच्या सदस्यावर काळजीपूर्वक आणि संस्थेच्याच हिताने वागण्याचे बंधन असते, मग तो मानद असो वा पगारी. अमेरिकेत १९९७ चा स्वयंसेवक संरक्षण कायदा साध्या हयगयीबद्दलच्या दाव्यांपासून ढाल देतो, घोर निष्काळजीपणाबद्दलच्या नाही.

सर्वांत कठोर कसोटी मुलांच्या आणि तरुण खेळाडूंच्या सुरक्षिततेची. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या डॉक्टरने अनेक वर्षे मुलींचे लैंगिक शोषण केले. शेकडो पीडितांपैकी अनेकींनी न्यायालयात उभे राहून आपबीती सांगितल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या ऑलिंपिक समितीने महासंघाच्या संपूर्ण संचालक मंडळाला राजीनामा द्यायला लावले. कॅनडात २०२२ मध्ये असे उघड झाले की, हॉकी कॅनडा या तिथल्या आइस हॉकी महासंघाने खेळाडूंच्या नोंदणी शुल्कातून जमवलेल्या निधीतला पैसा लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांच्या तडजोडीसाठीही वापरला होता. मुलांची फी भरणाऱ्या पालकांना याची कल्पना नव्हती. सरकारने अनुदान थांबवले, प्रायोजक एकामागून एक बाजूला झाले आणि ११ ऑक्टोबर २०२२ रोजी मुख्याधिकाऱ्यासह सारे मंडळ पायउतार झाले. संस्थेचे नाव वाचवणे आणि खेळाडूंना वाचवणे या दोन गोष्टी समोरासमोर आल्या, तेव्हा मंडळाने कोणाची बाजू घ्यायची याबद्दल शंका असता कामा नये. तक्रारीची चौकशी महासंघाच्या हातून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देण्याची मागणी म्हणूनच रास्त आहे.

सुधारणा

गेल्या दोन दशकांत मंडळे लहान झाली. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे मंडळ २००३ च्या सुधारणेपूर्वी सव्वाशेच्या आसपास सदस्यांचे होते. ते ११ वर आणले गेले. ब्रिटनमध्ये २०१६ साली जाहीर झालेल्या क्रीडा प्रशासन संहितेने मोठे सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांवर अटी घातल्या : मंडळात १२ पेक्षा जास्त सदस्य नकोत, किमान एक चतुर्थांश स्वतंत्र हवेत आणि स्त्री व पुरुष प्रत्येकी किमान ३० टक्के असावेत असे उद्दिष्ट ठेवावे. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने महासंघांच्या मंडळांत खेळाडूंचा वाटा एक तृतीयांश केला. त्याआधी तो एक पंचमांश होता.

स्वतंत्र सदस्य म्हणजे संलग्न संघटनांच्या मतांवर न येता कौशल्यावर निवडलेला बाहेरचा माणूस. त्याला वित्त, कायदा, बालसंरक्षण यांपैकी काहीतरी नीट येत असते आणि पुढच्या निवडणुकीची धास्ती नसते. जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप असा, की ज्याने कधी मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या नाहीत त्याला खेळाचे काय कळणार. न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेत या वादाने टोक गाठले. स्वतंत्र आढाव्याने तिथली रचना निरुपयोगी ठरवली आणि पूर्णपणे स्वतंत्र मंडळ सुचवले. पण मे २०२४ मध्ये प्रांतिक संघटनांनी मतदान केले ते किमान तीन सदस्यांना प्रांतिक मंडळाचा अनुभव हवा, या अटीच्या बाजूने. आक्षेपात तथ्य आहे. निव्वळ बाहेरच्यांचे मंडळ तळापासून तुटते. पण निव्वळ आतल्यांचे मंडळ स्वतःलाच निवडत राहते, आणि हा धोका मोठा आहे. आपापल्या प्रांताची मते घेऊन आलेला सदस्य एकदा खुर्चीवर बसला की तो साऱ्या खेळाचा विश्वस्त असतो. हे निवडून आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी लेखी सांगितले पाहिजे.

भारतात हा बदल बव्हंशी न्यायालयातून आला. क्रिकेट नियामक मंडळ जगातले सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ असूनही त्याचे पदाधिकारी मानद असतात. या मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये बव्हंशी स्वीकारल्या. त्यांत ७० वर्षांची वयोमर्यादा, मंत्र्यांना व सनदी अधिकाऱ्यांना बंदी आणि कार्यकाळानंतर सक्तीची विश्रांती यांचा समावेश होता. विश्रांतीची अट पुढे २०१८ आणि २०२२ मध्ये सैल झाली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारी समितीची सदस्यसंख्या १५ पर्यंत मर्यादित केली आणि तीत किमान दोन नामवंत खेळाडू व चार महिला असणे आवश्यक ठरवले.

सरकारी हस्तक्षेपाचा प्रश्न

महासंघांची स्वायत्तता आंतरराष्ट्रीय संघटना कडकपणे जपतात. सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून भारतीय ऑलिंपिक संघटना डिसेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१४ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडून निलंबित होती. सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज (बर्फावरची घसरगाडी) खेळणारे शिव केशवन यांना तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली उतरावे लागले, आणि त्यांची स्पर्धा आटोपल्यानंतर दोनच दिवसांत निलंबन उठले. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफा या आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने भारतीय फुटबॉल महासंघाला त्रयस्थ हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केले, आणि न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती बाजूला झाल्यावर ११ दिवसांतच ते मागे घेतले. स्वायत्तता हवीच. मात्र निवडणुका वर्षानुवर्षे लांबवणाऱ्या मंडळाने तिच्याआड उभे राहणे आणि किंमत खेळाडूने मोजणे, हे कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

मानधनाचा वाद

अध्यक्षाला मानधन द्यावे काय, यावर एकमत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद मानद मानले जाते, तरी २०१५ मध्ये समितीने त्यासाठी वर्षाला २ लाख २५ हजार युरोंची भरपाई जाहीर केली. आकड्यावर मतभेद होऊ शकतात, पण रक्कम उघड करणे चांगलेच झाले. न दाखवलेल्या खर्चाच्या पावत्यांपेक्षा जाहीर मानधन बरे. राष्ट्रीय महासंघांत बिनपगारी पदाची अट आजही निवृत्त, सधन किंवा राजकारणातल्या मंडळींना सोयीची पडते. तिशीतल्या नोकरदार बाईला, लहान मुले असलेल्या माजी खेळाडूला ती बाहेर ठेवते. बैठका दूरसंवादाने घेणे, मुलांच्या देखभालीचा खर्च देणे, बुडालेल्या दिवसाची मजुरी भरून देणे एवढ्यानेही मंडळाचे रूप पालटू शकते.

पदांतर

कार्यकाळाच्या मर्यादेमुळे मक्तेदारी मोडते, पण एकदम सगळे गेले तर जाणकारीही जाते. म्हणून काही महासंघ सदस्यांची मुदत टप्प्याटप्प्याने संपवतात; दरवर्षी एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. मावळत्या सरचिटणीसाने करारांच्या प्रती, बँकेचे अधिकारपत्र, संकेतशब्द, चालू तक्रारींची यादी आणि खेळाडूंची वैद्यकीय कागदपत्रे सहीनिशी सुपूर्द करायची असतात, आणि येणाऱ्याने ती तपासून मगच पोच द्यायची असते.