आरसी.लोकलचा जमाना का सरला: थोडी पार्श्वभूमी

2005 नंतरची काही वर्षे मराठवाड्यात लोडशेडिंगची होती. वीज आली की कॉलेजच्या लॅबमधली सगळी मशीन एकदम सुरू होत. त्यामुळे मशीन उठताना आपोआप काय चालावे, हा इथे रोजचा प्रश्न होता. लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांचे उत्तर एकच, आरसी.लोकल, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालवायच्या कमांड लिहायची फाइल. जुन्या व्यवस्थेत स्क्रिप्ट (कमांडच्या फाइली) इनिट.डी फोल्डरात असत आणि एस20, एस80 अशा आकड्यांनी सुरू होणाऱ्या नावांच्या लिंकांवरून क्रम ठरे. आरसी.लोकल सगळ्यांच्या शेवटी चाले, म्हणून तिच्यात काहीही टाकले तरी बहुधा निभावे.

2006 मध्ये उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने मशीन सुरू करण्याची नवी व्यवस्था, अपस्टार्ट, आणली; 2010 मध्ये त्याच कामासाठी सिस्टिमडी आले आणि 2011 मध्ये फेडोरा 15 या दुसऱ्या प्रकाराने ते स्वीकारले. डेबियन या आणखी एका प्रकारात 2014 साली मते समसमान पडली आणि निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. नाराजांनी सिस्टिमडी नसलेले देवुआन वेगळे काढले. तो वाद एकाच प्रकल्पाच्या हाती किती कारभार द्यावा, यावर जास्त रंगला. आपापल्या स्क्रिप्ट सांभाळणाऱ्यांसाठी खरा बदल दुसराच होता: सेवा (मागे चालणारे प्रोग्रॅम) समांतर सुरू होऊ लागल्या आणि 'सगळ्यांच्या शेवटी' ही जागाच उरली नाही.

सर्वाधिक घोळ सिस्टिमडीमधल्या नेटवर्क.टार्गेट या टप्प्याने घातला. नाव वाचून वाटते, इथवर आलो म्हणजे नेटवर्क चालू. प्रत्यक्षात नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली, एवढेच त्यातून कळते. आयपी पत्ता मिळालेला असेलच असे नाही. त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट आहे, आणि युनिटमध्ये (सेवा कशी सुरू करायची हे सांगणाऱ्या फाइलीत) ते 'आफ्टर' व 'वॉन्ट्स' दोन्हींत लिहावे लागते. 'आफ्टर' फक्त क्रम ठरवते, 'वॉन्ट्स' त्याला बोलावून आणते. तरीही समोरचा सर्व्हर उठलेला असेल याची हमी नाही. वीज गेल्यावर तो डिस्क तपासत बसला, तर लॅबमधल्या मशीनचे माउंट (त्याचे फोल्डर जोडून घेणे) फसणारच. म्हणून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय स्क्रिप्टमध्ये किंवा युनिटमध्ये हवीच.

नव्या उबुंटूत आरसी.लोकल आयती मिळत नाही. तयार करून एक्झिक्युटेबल केली तर चालते. तरी स्वतःच्या स्क्रिप्ट यूएसआर-लोकलखाली ठेवाव्यात आणि प्रत्येकीची युनिट फाइल ईटीसीमधल्या सिस्टिमडी-सिस्टिम फोल्डरात. पॅकेज अपडेट त्यांना हात लावत नाही. डेबियनच्या जुन्या आरसी.लोकलची पहिली ओळ 'ई' पर्यायासह असे. एक कमांड फसली की तिच्याखालचे सगळे तिथेच थांबे. वेगळ्या युनिटमध्ये एक अडली तरी बाकीच्या चालतात, आणि कोणती अडली हे सिस्टिमडीच्या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, तिच्या नावावर सापडते.