कंट्रोल चार्टवरचा शेऱ्याचा रकाना

कोल्हापूरजवळची शिरोली असो की गोकुळ शिरगाव, वाहनांचे जॉब (सुटे भाग) करणाऱ्या मशीन शॉपमध्ये मशीनच्या बाजूला एक एक्स-बार आर चार्ट, म्हणजे एक कंट्रोल चार्ट, लटकलेला असतो. मध्ये एक रेघ, वर-खाली दोन लाल रेघा, आणि तासाला पाच जॉब मोजून त्यांच्या सरासरीचं एक टिंब. त्याच्या जोडीला आर चार्टवर त्या पाचांतल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापांतल्या फरकाचं (रेंजचं) एक. तळाशी एक अरुंद रकाना: शेरा. टिंबं इमानेइतबारे पडतात. रकाना कोरा असतो, किंवा त्यात 'ओके' लिहिलेलं असतं. लाल रेघेबाहेर टिंब गेल्यावर काय शोधलं, काय सापडलं, हे लिहायची ती जागा. माझ्या मते अख्खा चार्ट त्या रकान्यासाठी आहे.

सुरुवात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झाली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी तिथे टेलिफोनचं सामान बनवायची. गुणवत्ता म्हणजे तेव्हा शेवटी बसून केलेली निवड: चांगला माल इकडे, वाईट तिकडे. १६ मे १९२४ रोजी वॉल्टर श्यूहार्ट यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण दिलं. जेमतेम पानभर, आणि त्यातलाही तिसरा हिस्सा आकृतीने व्यापलेला. ती आकृती म्हणजे आजचा कंट्रोल चार्ट. श्यूहार्ट यांचा प्रश्न निवडीचा नव्हताच. मोजमापात फरक तर रोज पडतो. आज पडलेला फरक रोजच्यातलाच आहे, की काहीतरी वेगळं घडलंय? पहिल्या जातीच्या फरकामागे शेकडो बारीक कारणं असतात, ती एकेकटी हाती लागत नाहीत. दुसऱ्यामागे एखादं ठळक कारण असतं, शोधलं तर सापडणारं. पुढे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी यांनाच सामान्य आणि विशेष कारणं म्हटलं.

लाल रेघा सरासरीपासून तीन सिग्मावरच (सिग्मा म्हणजे टिंबांच्या नेहमीच्या विखुरण्याचं माप) का? १९३१ च्या पुस्तकात श्यूहार्ट यांनी दिलेलं उत्तर व्यवहाराचं आहे. रेघ जवळ आणली तर काही नसताना माणसं शोधत बसतात, लांब नेली तर खरं कारण निसटतं. तीनवर शोधाचा खर्च परवडतो, हा अनुभव. नॉर्मल वितरण धरलं तर सगळं सुरळीत असतानाही हजारात २.७ टिंबं बाहेर पडतात, म्हणजे सरासरी ३७० टिंबांत एक खोटी हाक. तासाला एक टिंब आणि तीन पाळ्या असतील तर साधारण पंधरवड्याला एकदा. ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी (माप किती कमी-जास्त चालेल त्या हद्दीशी) या रेघांचा काही संबंध नाही. "जॉब टॉलरन्समध्ये आहे ना साहेब, मग कशाला ओरडताय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ओरडत नाही, चहा मागवतो आणि मग बोलतो.

कारण शोधणं कोल्हापूरला नवं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. चार आधणं नीट उतरली आणि पाचव्याचा गूळ चिकट झाला, तर गुळव्या काहिलीला शिव्या देत नाही. ऊस कुठल्या रानातला, तोडून किती दिवस झाले, चुन्याची निवळी कुणी घातली, चुलवाणाला जाळ कोण घालत होतं, हे तो तिथल्या तिथे विचारतो. दुसऱ्या दिवशी विचारून उपयोग नसतो. तोवर ऊस संपलेला आणि जाळ घालणारा घरी गेलेला. उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनच्या जमान्यातले मिस्त्रीही असेच. ओतकामात ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) आले की आधी वाळू मुठीत दाबून बघायची, मग भट्टीकडे जायचं. अक्कल होती, कागद नव्हता. पुढे कागद आला, आणि गंमत अशी की विचारणं कमी झालं.

कागद आला तो लांबच्या वळणाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कंट्रोल चार्टची युद्धमानकं काढली. १९५० मध्ये डेमिंग यांनी जपानी इंजिनिअरांना व्याख्यानं दिली. इशिकावा यांची कारणं मांडायची, माशाच्या काट्यासारखी आकृतीही जपानचीच. आपल्याकडे ती 'फिशबोन' नावाने ऑडिटच्या आदल्या रात्री काढली जाते. भारतात त्याआधीच, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून खुद्द श्यूहार्ट येऊन फिरून गेले होते. १९५३ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेने मुंबईत गुणवत्ता नियंत्रणाचं केंद्र सुरू केलं. पण आमच्या फाउंड्री आणि मशीन शॉपपर्यंत चार्ट पोचला तो बहुतांशी वाहन कंपन्यांच्या अटींमधून. अमेरिकेतल्या तीन बड्या कंपन्यांचं क्यूएस-९००० हे गुणवत्तेचं मानक १९९४ चं, त्याचा आजचा वंशज आयएटीएफ १६९४९, २०१६ चा. म्हणजे आमच्याकडे चार्ट प्रश्न घेऊन आलाच नाही, मागणी घेऊन आला: महिन्याचा चार्ट पाठवा, नाहीतर ऑर्डर थांबेल. मग तो लोक भरणारच.

भरलेला चार्ट ओळखू येतो, आणि तेही नियमानेच. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हँडबुकात लाल रेघेशिवाय आणखी खुणा दिल्या: तीनपैकी दोन टिंबं एकाच बाजूला दोन सिग्माच्या पलीकडे, पाचपैकी चार एका सिग्माच्या पलीकडे, सलग आठ एकाच बाजूला. (हे चारही नियम एकदम लावले तर खोटी हाक ३७० ऐवजी साधारण ९२ टिंबांना एक येते. सगळे नियम चालू ठेवून मशीन लावणाऱ्या सेटरला वेडं करू नये.) १९८४ मध्ये लॉइड नेल्सन यांनी यादी आठ नियमांवर नेली. त्यातला एक म्हणतो, सलग पंधरा टिंबं मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एका सिग्माच्या आतच पडली, तर तेही संशयास्पद. आपोआप असं घडण्याची शक्यता सुमारे तीनशेत एक. टेबलावर बसून मनाने चार्ट भरणारा माणूस मधल्या रेघेला चिकटूनच टिंबं काढतो आणि या नियमात अलगद सापडतो.

शोध कसा चालतो त्याचा एक प्रसंग. एका शॉपमध्ये ८० मिलिमीटरचा बोअर (भोक), टॉलरन्स शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. आर-बार (रेंजची सरासरी) ८ मायक्रॉन. पाचच्या सॅम्पलला गुणक ०.५७७, म्हणजे लाल रेघा मधल्या रेघेपासून ४.६ मायक्रॉनवर. दुसऱ्या पाळीत रात्री आठचं टिंब मधल्या रेघेच्या १० मायक्रॉन वर. ऑपरेटर ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) द्यायला निघालाच होता. आधी आकडेमोड तपासली, बरोबर होती. मग आर चार्ट: तिथे काही हललं नव्हतं. पाचही जॉब सारखेच मोठे, म्हणजे एखादा जॉब नीट बसला नाही किंवा एखाद्यात चिप अडकली, असं नव्हे. जे काही झालं ते पाचांनाही सारखंच झालं होतं. सेटिंग रिंग (ठरलेल्या मापाचं कडं) लावून गेज तपासला, तोही ठीक. सातनंतर काय बदललं? इन्सर्ट (कापायची पात) तोच, प्रोग्राम तोच, माणूस तोच. शेवटी हेल्पर म्हणाला, "गाडी दारात उभी हाय म्हणून आज जॉब पंख्याखाली ठेवलंच न्हाईत." कास्ट आयर्न कोरडंच कापत होतो. हात लावला तर जॉब कोमट. बारा अंश जास्त तापलेला ८० चा बोअर दहाएक मायक्रॉन मोठा दिसतोच. अर्ध्या तासाने तेच पाच मोजले, टिंब आत. त्या वेळी ऑफसेट दिला असता तर रात्रभर निघालेल्या जॉबांतले काही सकाळी गार झाल्यावर प्लग गेज (बोअरमध्ये घालून बघायचा दांडा) घेतच नव्हते.

प्रत्येक टिंबामागे ऑफसेट देणाऱ्याचं काय होतं, हे डेमिंग नरसाळं आणि गोटी घेऊन दाखवायचे. नरसाळं हलवायचं नाही तर गोट्या एका घोळक्यात पडतात. दर गोटीनंतर मागची चूक भरून काढायला नरसाळं सरकवलं, तर व्हेरियन्स (सिग्माचा वर्ग) दुप्पट होतो. सीएनसीवर हे बटणाच्या एका दाबाने जमतं.

खालच्या रेघेबाहेर गेलेल्या टिंबाची चौकशी तर जवळपास होतच नाही. रिजेक्शनच्या चार्टवर एक दिवस टक्केवारी खालच्या लाल रेघेखाली गेली की पेढे. खरंच काही सुधारलं असेल तर ते कायम करायला शोधायला हवं. पण मी आधी हजेरी बघतो, त्या दिवशी तपासणीला नेहमीचा माणूस होता का.

चार्ट पहिल्यांदा बसवताना गोची आणखी मोठी. वीस-पंचवीस सॅम्पलवरून तात्पुरत्या रेघा काढतात. दोन टिंबं बाहेर पडली. कारण सापडलं आणि दूर केलं, तर ती वगळून रेघा पुन्हा काढायच्या, हे सरळ. कारण सापडलंच नाही तर? पुस्तकं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतात. मी एखाददुसरं टिंब तसंच ठेवतो. रेघा थोड्या रुंद होतात, ते चालतं. 'चार्ट चांगला दिसेना' म्हणून कारणाशिवाय टिंबं पुसली की रेघा आवळतात, मग रोज हाका येतात, आणि महिन्याभरात लोक रेघेकडे बघायचं सोडतात.

आता टॅब्लेट आलेत. टिंब बाहेर गेलं की पडदा लाल होतो आणि शेरा टाकल्याशिवाय पुढचं माप घेत नाही. परवा एका शॉपमध्ये मागच्या तीन महिन्यांचे शेरे काढून बघितले. बहुतेक जागी नुसता पूर्णविराम होता.