पहाटेचा घाम

मे महिना. पहाटेचे पावणेसहा. देवगडच्या आमच्या घरात अजून दिवा लावूनच वावर चालला होता. वहिनी आंब्याची साठं घालायला ताटांना तूप लावत होत्या. मध्येच ताट खाली ठेवून त्या मागच्या पडवीत गेल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत बुडवून उभ्या राहिल्या. मान आणि गाल लालबुंद, कपाळावरचा घाम भुवयांत साचलेला. तीन-चार मिनिटांनी परत आल्या त्या अंगावर शहारे घेऊनच. पंखा बंद कर म्हणाल्या. मी काही विचारायच्या आत, "काय नाय गो, उष्मो झालो हा."

चूल पेटली नव्हती, ऊन यायला अवकाश होता. वहिनी ४७ वर्षांच्या आहेत. हा उष्मा त्यांच्या आतला होता, पाळी जायच्या वयातला.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो एरवी चालवून घेतो. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बीजकोशांतलं हॉर्मोन कमी होऊ लागलं की तिथल्या काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि ही चालवून घेण्याची मुभा फार आकसते. मग गरम चहाचा एक घोट किंवा अंगावरची गोधडी एवढंही पुरतं. मेंदू समजतो, शरीर तापलं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, छाती धडधडते. खरं तर शरीर फारसं तापलेलंच नसतं, त्यामुळे एवढी उष्णता बाहेर टाकल्यावर थंडी वाजते. वहिनींनी पंखा बंद करायला सांगितला तो यामुळे.

आपल्या किनाऱ्यावर यात आणखी एक भर पडते. घाम वाळला तरच गारवा मिळतो, आणि इथल्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही. रात्री दोनदा-तीनदा गाऊन भिजतो, झोप मोडते. मग दुसऱ्या दिवशीची चिडचिड, विसरभोळेपणा, कामातलं लक्ष उडणं हे सगळं 'स्वभाव बदलला' या खात्यात जमा होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या बाईला नुसती झोप हवी असते. सुती कपडे, उशाशी ओलं फडकं, थेट अंगावर वारा येईल असा पंखा, रात्रीचं जेवण कमी तिखट, संध्याकाळनंतर चहा नाही, एवढ्यानेही बऱ्याच जणींच्या रात्री सुधारतात. 'दोन महिन्यांत जाईल' असं मात्र कुणी सांगू नये. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात, अंगातून वारंवार अशा गरम वाफा येणाऱ्या निम्म्या बायकांचा त्रास ७ वर्षांहून जास्त टिकला होता.

पाळी जाणं म्हणजे नळ बंद करणं नव्हे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप जिरतात. साठा संपत आला की इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, हेलकावे खातं. एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही, मग अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि दोन महिन्यांनी येणारी पाळी घोंगडं भिजावं तशी येते. 'अंगावरून जातंय' म्हणत बायका हे महिनोन् महिने सोसतात आणि रक्त कमी होऊन घाटी चढताना धापा टाकतात.

अशा वेळी 'पिशवी काढून टाका' हा सल्ला फार लवकर दिला जातो. आधी सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन, गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासणं, मग गोळ्या किंवा हॉर्मोन सोडणारा लूप, एवढ्या पायऱ्या असतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी एका दिवसात जाते आणि सगळे त्रास एकदम अंगावर येतात. ऑपरेशन खरंच लागतं तेव्हा करावंच, पण 'बीजकोश ठेवणार ना?' हे आधी विचारावं.

हाडं मात्र गुपचूप झिजतात. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवरून धरतं. ते ओसरलं की पहिल्या काही वर्षांत झीज सर्वांत वेगाने होते, आणि दुखत काहीच नाही. कळतं ते पावसाळ्यात, शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडतं तेव्हा. पन्नाशीतल्या बाईचं मनगट एवढ्याशा पडण्याने मोडलं, तर प्लास्टर घालून थांबू नये, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारावं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, दूध, ताक हेही आपल्या घरातलंच. त्याला ड जीवनसत्त्व आणि ओझं पेलणारा व्यायाम यांची जोड हवी. आणि हे चाळिशीतच सुरू केलेलं बरं.

या त्रासांवरच्या हॉर्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की कॅन्सरची भीती येते. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला, तिथून ही भीती पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. आज बहुतेक तज्ज्ञांचं मत असं, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, फार त्रास असलेल्या बाईला फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ यांवर लावायचं मलम असतं. हे डॉक्टरांना सांगायला बायका सर्वांत लाजतात, आणि उपाय त्यावरच सर्वांत सोपा आहे.

पाळी गेली हे मागे वळूनच कळतं. ओळीने १२ महिने आली नाही, तरच गेली म्हणायचं. तोवर दिवस राहू शकतात. आणि त्यानंतर एक डाग जरी दिसला, तरी तपासून घ्यायचं, कारण तो गर्भाशयाच्या कॅन्सरचा पहिला इशारा असू शकतो.

त्या दिवशी साठं उन्हात घालून झाल्यावर वहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं आणि कपाटातून गेल्या वर्षीचंही काढलं. दूधवाल्याच्या हिशेबाच्या बाजूला पेन्सिलीची बारीक फुली. शेवटची ऑगस्टातली, त्यानंतर काही नाही. आम्ही दोघींनी बोटांवर महिने मोजले. नऊ झाले होते.