लॉर्ड आणि लेडी या शब्दांतला पाव

आग्नेय इंग्लंडमधल्या केंट या राज्याचा राजा एथेलबर्ट याने इ. स. ६०० च्या सुमारास केलेले कायदे इंग्रजीतला सर्वांत जुना उपलब्ध कायदेसंग्रह मानले जातात. त्यातलं एक कलम असं: साध्या स्वतंत्र शेतकऱ्याच्या पदरच्या माणसाला कुणी ठार मारलं, तर ६ शिलिंग भरपाई द्यावी. ‘पदरचा माणूस’ यासाठी तिथे ‘ह्लाफएटा’ असा शब्द आहे, म्हणजे पाव खाणारा. खाणारा आला की त्याला पोसणारा आलाच. तो ‘ह्लाफवेअर्ड’, पावाची राखण करणारा. हा जोडशब्द बोलता बोलता झिजून ‘ह्लावोर्ड’ झाला, पुढे ‘लवर्ड’ आणि शेवटी ‘लॉर्ड’. स्कॉटलंडमधला जमीनदार ‘लेअर्ड’ हाही याच घरातला.

त्या काळची सत्ता समजून घ्यायला मला हा शब्द एखाद्या लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. धनी तो, ज्याच्या घरचं अन्न आपण खातो. म्हणूनच धन्याशी केलेला द्रोह सर्वांत वाईट. नवव्या शतकात इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्यावर राज्य करणाऱ्या आल्फ्रेड राजाच्या कायद्यांत बहुतेक पहिल्या गुन्ह्यांना दंड भरून सुटका आहे, पण धन्याशी बेइमानी करणाऱ्याला ती सवलत नाही. खाल्ल्या मिठाला जागावं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत; तिथे मिठाच्या जागी पाव होता, एवढंच.

‘लेडी’ची कूळकथा तर आणखी सुंदर आहे. मूळ रूप ‘ह्लॅफ्दिये’. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याचा अर्थ पावाची कणीक मळणारी. यातला ‘दिये’ हा भाग कणकेसाठीच्या ‘डो’ या इंग्रजी शब्दाचा नातलग. ‘डेअरी’ही त्याच गोतावळ्यातली. हे मूळ थेट संस्कृतातल्या ‘दिह्’ धातूपर्यंत जातं: लिंपणे, माखणे. त्यातूनच आपला ‘देह’ आला. कणीक मळणारी म्हणून ही बाई चुलीपाशीच राहिली असं मात्र नाही. आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लेड हिने ९११ ते ९१८ या काळात मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा कारभार पाहिला, डेन लोकांविरुद्ध (म्हणजे व्हायकिंगांविरुद्ध) गढ्या उभारल्या, आणि तिची पदवी होती ‘मर्सियन लोकांची ह्लॅफ्दिये’.

‘ह्लाफ’ म्हणजे पाव हे एका सणाच्या नावातही आहे: १ ऑगस्टचा इंग्लंडमधला ‘लॅमस’ म्हणजे ‘ह्लाफमॅसे’, पावाची उपासना. नव्या गव्हाचा पाव त्या दिवशी चर्चमध्ये नेत.

मग लॉर्डमधला पाव दिसेनासा का झाला? एक तर शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळाला. दुसरं म्हणजे, पावासाठीचा रोजचा शब्द म्हणून ‘ब्रेड’ने ‘ह्लाफ’ची जागा घेतली. ‘ह्लाफ’ उरला तो ‘लोफ’ होऊन, पावाच्या अख्ख्या लादीपुरता. त्यातच लॅटिन ‘डोमिनुस’साठी, म्हणजे देवासाठी आणि राजासाठी, धर्मग्रंथांच्या भाषांतरांत हाच शब्द वापरला गेल्याने त्याला सिंहासनाचा वास चिकटला.

आपल्याकडे तो आला तोवर त्यात फक्त हुकूम शिल्लक होता. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय ‘लाटसाहेब’ झाले, सरसेनापती ‘जंगी लाट’. आजही कुणी रुबाब दाखवला की आपण विचारतो, ‘तू काय मोठा लाटसाहेब लागून गेलास?’