गच्ची कुणाची, ऊन कुणाचं?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या २८ मजली इमारतीत सोलर बसवायचा विषय गेल्या सभेत निघाला आणि पहिलाच प्रश्न आला, “माझं बिल किती कमी होणार?” मी कागद पुढे ओढला.

एक किलोवॉटच्या पॅनलना साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. वर्षाची सरासरी धरली तर त्यातून दिवसाला ४ युनिट वीज निघते. आमच्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या वगळून ३० किलोवॉट बसतात. महिन्याला ३,६०० युनिट. भागिले ११२ फ्लॅट. वाट्याला आले ३२. जेमतेम एक फ्रिज चालेल! सभा गप्प.

पाचपाखाडीत माझ्या मावशीचा बंगला आहे. तिचे ३ किलोवॉट, म्हणजे ३६० युनिट, एकाच घराला. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तिला ७८,००० रुपये अनुदान. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००, म्हणजे आमच्याकडे घरटी ४,८०० च्या आसपास. आणि वागळे इस्टेटकडे चाळीत पत्र्याखाली भाड्याने राहणाऱ्याला? त्याला काहीच नाही. छप्परच त्याचं नाही.

खरी गोम बिलाच्या स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या टप्प्यांमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतरचा दर जवळपास दुप्पट होतो, ३०० नंतर आणखी चढतो. वरच्या स्लॅबच्या आणि कारखाने-दुकानांच्या पैशातून खालच्या स्लॅबचा दर सावरला जातो. सोलरवाल्याचे आधी हे वरचेच युनिट गळतात. दुपारची जादा वीज तो तारेत सोडतो, रात्री एसी लावून तेवढीच परत घेतो आणि नेट मीटर मुकाट वजाबाकी करतो. पण रात्रीची वीज मुख्यतः कोळशाचीच. तारा, ट्रान्सफॉर्मर, लाइनमन यांचा खर्चही तेवढाच राहतो आणि पुढेमागे उरलेल्यांच्या दरात उतरतो. दुपारी कोळसा कमी जळतो, हे मला मान्यच आहे. ‘फुकट वीज’ म्हणाल तर वाद घालीन.

शेवटी फ्लॅटच्या बिलाचा नाद सोडून लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांवर ठरलं. पंपवाल्या काकांना वरच्या टाक्या पहाटेऐवजी दुपारी बाराला भरायला सांगितलं.

“भरतो की,” ते म्हणाले, “पण सकाळी सातला नळ कोरडे पडले तर शिव्या मला बसतील, सोलरला नाही.”

टाक्या मोजायला रविवारी प्लंबर यायचाय.